रेचं कसब आजोबांच्या नावावर चढवू नका

लुकासफिल्ममध्ये ‘स्टार वॉर्स’च्या कथा ठरवणाऱ्या सर्वांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कोल्हापुरातून लिहिते आहे. माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतावरच्या पाण्याच्या मोटरी जळाल्या की माझ्याकडे येतात. जळकी वाइंडिंग काढायची, नवी तार भरायची, वार्निश मारायचं, वाळवायचं, फिरवून बघायची आणि परत द्यायची, हे माझं रोजचं काम. तुमच्या धंद्याशी माझा संबंध तिकीट काढण्यापुरता. तरी लिहिते, कारण २०१५ साली ‘स्टार वॉर्स’च्या अंतराळातल्या कथेत तुम्ही रे नावाची एक भंगार वेचणारी मुलगी पडद्यावर आणलीत. तिला मी पाहताक्षणी ओळखलं होतं. २०१९ साली तुम्ही तिची ती ओळखच पुसून टाकलीत. आता तिच्यावर पुन्हा चित्रपट करणार असं तुम्ही जाहीर केलं आहे, म्हणून जे इतकी वर्षं मनात ठेवलं ते चारचौघांत बोलते.

मी तिला कशी ओळखते, ते आधी सांगायला हवं. माझ्या वडिलांचं भंगाराचं दुकान होतं. कोल्हापूरच्या आसपास फाउंड्र्या पुष्कळ, त्यामुळं बीड आणि लोखंड साठून राहायचं नाही, गाडी भरली की निघाली. शाळा सुटली की दप्तर ठेवायचं आणि मी भंगारात बसायचे. पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटरी फोडायच्या. तांबं वेगळं, पितळ वेगळं, जर्मन वेगळं, बीड वेगळं. पिवळं दिसतं म्हणून पितळ म्हणायचं नाही, चुंबक लावायचा, तरी शंका आली तर कानस मारून आतला रंग बघायचा. गंजलेला नट सुटत नसेल तर त्यावर डिझेल टाकून रात्रभर ठेवायचा, सकाळी चारी बाजूंनी हलके ठोके द्यायचे, आधी कणभर आवळायचा आणि मग उलटा फिरवायचा. हे मी कुठं वाचलं नव्हतं. बरेच नट मोडले, दोनदा पान्हा सटकून बोटं फुटली, त्यानंतर कधीतरी हाताला कळायला लागलं.

संध्याकाळी गोण्या पाठीवर घेऊन बायका यायच्या, काच-पत्रा वेचणाऱ्या. त्यातल्या एक मावशी तांब्याच्या तारेचा गुंडा नुसता हातावर तोलून सांगायच्या, पावणेदोन किलो. काटाही तेच सांगायचा. मग वडील माती-कचऱ्याची घट कापायचे आणि भाव उतरलाय म्हणायचे. कधी तो खरंच उतरलेला असायचा, कधी नसायचा. मी काट्याच्या अलीकडे, वडिलांच्या बाजूला बसलेली असायचे. मावशींना सगळं कळतंय, आणि कळूनही त्या पैसे मोजून घेऊन गप जातायत, हे मला तिथून दिसायचं.

‘द फोर्स अवेकन्स’ इकडे नाताळात लागला, २०१५ च्या. धाकट्या भावाच्या हट्टानं गेले होते. मला त्या कथांमधलं फारसं काही माहीत नव्हतं. आणि पडद्यावर जाकू नावाचा वाळवंटी ग्रह आला. वाळूत रुतलेलं एक प्रचंड लढाऊ जहाज, त्याच्या पोटात दोराला लटकलेली एक मुलगी, तोंडाला फडकं, डोळ्यांना गॉगल. तिनं आतून एक पार्ट उपसून काढला, पिशवीत टाकला, पत्र्यावर बसून वाळूच्या टेकडीवरून घसरत खाली आली. मग तो माल घासायला बसली. समोरच्या बाजूला एक म्हातारी तसाच पार्ट घासत होती. रे तिच्याकडे बघत राहते. एक शब्द नाही. अजून चाळीस वर्षांनी आपण कुठं बसलेलो असू, ते ती बघत होती. मग भंगार घेणाऱ्या उंकार प्लटची खिडकी, आणि दिवसभराच्या कष्टाला शिध्याच्या पाकिटाचा चतकोर. दुसऱ्या दिवशी पाच पार्ट घेऊन जाते तर सगळ्यांचं मिळून अर्धं. ती म्हणते, मागच्या आठवड्यात एकेकाला अर्धं देत होतास. थिएटरात मी खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते. हा भाव मी ऐकला होता. मी तर खिडकीच्या आतल्या बाजूला वाढलेली मुलगी.

त्याच खिडकीत प्लट तिला तिच्यासोबत आलेल्या एका छोट्या गोल यंत्रमानवाचे साठ पाकिटं शिधा देऊ करतो. जिच्या ताटात काल चतकोर होता, जी ताट चाटून पुसून ठेवते, तिच्यासमोर साठ. ती हात पुढं करते, थांबते आणि सांगते, हा विकायचा नाही. त्या क्षणी ती माझ्यासाठी नायिका झाली. त्यासाठी तिला तलवार लागली नव्हती.

म्हणून सगळ्यात आधी हे नोंदवते की तुमच्यातल्या ज्यांनी तो जाकूचा भाग लिहिला आणि घडवला त्यांची मी ऋणी आहे. रेला सगळं आयतं येतं असं जे म्हणतात त्यांनी तो भाग नीट पाहिलेला नाही, असं माझं मत आजही आहे. पळून जायच्या वेळी ती मिलेनियम फाल्कन या जुन्या जहाजाला भंगार म्हणते, आणि नाइलाजानं त्याच भंगारात चढते. जहाज उचलताना ती ते जमिनीवर घासते, कमानीवर आपटते, स्वतःशीच जमेल जमेल म्हणत राहते. उडाल्यावर स्वतःच सांगते की जहाजं चालवली आहेत, पण या ग्रहाबाहेर कधी गेलेली नाही. पुढं त्या जहाजाचा जुना मालक हान सोलो यंत्राकडे बघून चिडतो की इग्निशनच्या लाइनवर कॉम्प्रेसर कुणी बसवला, तर ही लगेच सांगते, प्लटनं बसवला, चुकीचाच आहे, त्यानं हायपरड्राइव्हवर ताण येतो. असं वाक्य तोंडात यायला ते यंत्र उघडं पडलेलं रोज बघावं लागतं. माझ्या दुकानात कुणी मोटर आणून ठेवली आणि मी आवाजावरून बेअरिंग गेलंय म्हटलं की लोकांना नवल वाटतं. त्यात नवल काही नाही, वर्षं आहेत.

आणि ती चुकतेही. चुकीचे फ्यूज ओढते आणि दारं बंद व्हायच्या ऐवजी ते भुकेले राक्षसी प्राणी, राथटार, मोकळे सुटतात. पिस्तूल पहिल्यांदा चालवताना सेफ्टी काढायची राहते. या चुका बारीक असल्या तरी खऱ्या आहेत. हातानं शिकणाऱ्या माणसाच्या चुका अशाच असतात.

आता तक्रारी.

पहिली अशी की तिचे कष्ट जिथं दाखवायला हवे होते तिथं तुम्ही दाखवले नाहीत, बाहेर ठेवले. रे उडायला कुठं शिकली? त्याच डिसेंबरात ग्रेग रकाचं ‘बिफोर द अवेकनिंग’ हे पुस्तक आलं, त्यात याचं उत्तर आहे. भंगारातून काढलेल्या सिम्युलेटरवर तिनं वर्षानुवर्षं सराव केला, एक मोडकं जहाज शोधून दुरुस्त केलं. पुस्तक चांगलंच आहे. पण तिकीट काढून बसलेल्या माणसानं उत्तरासाठी वेगळं दुकान का शोधायचं? तिच्या त्या घरात, उलट्या पडलेल्या लढाऊ यंत्राच्या पोटात, तुम्ही भिंतीवरच्या दिवस मोजायच्या रेघा दाखवल्यात, पाण्यात टाकल्यावर फुगणारा पाव दाखवलात, कापडाची बाहुली दाखवलीत. तिथंच कोपऱ्यात एक जुना स्क्रीन आणि हातांनी झिजून गुळगुळीत झालेला दांडा असता, आणि ती पाव खाताखाता सवयीनं एक फेरी मारून हरली असती, तर अर्ध्या मिनिटात काम झालं असतं. पुढच्या पाच वर्षांचा निम्मा वाद त्या अर्ध्या मिनिटानं मिटला असता.

फोर्सचं, म्हणजे या कथांमधल्या अदृश्य शक्तीचंही तेच. खलनायक कायलो रेन तिच्या मनात शिरतो तेव्हा ती उलट त्याच्या मनात शिरते आणि त्याची भीती ओळखते. त्या झटापटीत त्याला येणारं काही तिच्याकडेही आलं, असा धागा तुमच्याच लोकांनी नंतर ‘द लास्ट जेडाय’ या दुसऱ्या चित्रपटाच्या कादंबरीत, जेसन फ्रायच्या हातून, पक्का केला. चित्रपटात तो इतका बारीक आहे की धरता येत नाही. जुन्या चित्रपटांतल्या ल्यूक स्कायवॉकरनं पहारेकऱ्याचं मन वळवायची विद्या १९७७ साली आपल्या गुरूला, ओबी-वानला, करताना पाहिली आणि स्वतः करून दाखवली ती १९८३ साली. रेनं ती कधी पाहिलेली नाही. जेडाय, म्हणजे फोर्स वापरणारे योद्धे, तिच्यासाठी ऐकीव गोष्टी. तिला ती तिसऱ्या प्रयत्नात येते. दुसऱ्या प्रयत्नाला पहारेकरी तिचे पट्टे आणखी आवळायची धमकी देतो, हे मला आवडलं होतं. पण तिथं प्रेक्षकाला अजून एक पायरी द्यायला हवी होती. देणगी कुणालाही असू शकते, ती कुठून आली हे विचारायचं कारण नाही. गळा जन्मानं मिळतो. तान मात्र बसवावी लागते, आणि बसवताना ऐकायला मिळाली तर ऐकणाऱ्याचाही जीव त्यात गुंततो.

बर्फातल्या त्या लढाईबद्दल लोक जितकं बोलतात तितकी माझी तक्रार नाही. कायलोला हान सोलोचा सोबती च्युबॅका याचा बाण लागलेला आहे, रक्त बर्फावर सांडतंय, नुकताच बापाला मारून आलाय, आणि त्याला रेचा जीव घ्यायचा नाही, तिला शिष्य करून घ्यायचंय. ही लहानपणापासून काठी चालवून माल राखणारी. जिंकली तर जिंकली.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. तिच्या चुका तुम्ही परत घेतल्यात.

माझ्या दुकानात दोन मुली काम शिकतात. त्यातल्या धाकटीनं गेल्या उन्हाळ्यात एका मोटरीत टर्न, म्हणजे तारेचे वेढे, कमी भरले. मोजताना फोन आला, आकडा चुकला, तिनं अंदाजानं पुढं रेटलं. मोटर गरम होत गेली आणि आठवड्यात पुन्हा जळली. ऐन एप्रिलमध्ये त्या शेतकऱ्याचं पाणी चार दिवस थांबलं. मी तिला रागावले नाही. तिला सोबत घेऊन त्या शेतावर गेले. ऊस पिवळा पडायला लागला होता. तो माणूस काही बोलला नाही, चहा दिला. तेव्हापासून ती पोरगी टर्न मोठ्यानं मोजते, फोन आला तरी थांबत नाही. तिला आज जे येतं ते त्या उसापाशी आलं.

आता तुमचा तिसरा चित्रपट बघा. ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’मध्ये रेच्या हातून पहिल्यांदाच भयंकर काही घडतं. रागाच्या भरात तिच्या बोटांतून वीज निघते, हवेतलं एक जहाज फुटतं, आणि त्यात च्युबॅका होता असं तिला वाटतं. तो हुंदका रे झालेल्या डेझी रिडलीनं फार खरा दिलाय. इथं ती मोठी होणार होती. पुढं थोड्याच वेळात कळतं, च्युबॅका दुसऱ्याच जहाजात होता. सीथ्रीपीओ हा यंत्रमानव आपल्या सगळ्या आठवणी सोडायला तयार होतो, सोबत्यांकडे शेवटचं बघून घेतो, आणि मग त्या आठवणी परत मिळतात. शेवटी रे स्वतः मरते आणि उठून बसते. ज्या कथेत गेलेलं सगळं परत मिळतं तिथं कमावलेलं कशानं मोजायचं? १९८० साली ल्यूक शिकवणी अर्धी टाकून गेला, हरला, हात तुटला. पुढच्या चित्रपटात त्याला दुसरा हात बसवलेला दिसतो, पण तुटला होता हे कुणी नाकारत नाही. तेवढं तुम्ही रेला द्यायला हवं होतं. तिला आरामात ठेवणं म्हणजे तिचा मान ठेवणं नव्हे.

तिच्या शिक्षणाचंही असंच वाहून गेलं. ‘द लास्ट जेडाय’मध्ये एका बेटावर ल्यूक तिला तीन धडे देईन म्हणतो, चित्रपटात दोनच होतात, तिसरा संकलनात गेला. नंतरचं वर्षभर ल्यूकची बहीण लेआ तिला शिकवते, ते वर्ष आम्हाला दिसत नाही. इथं मी तुम्हाला दोष देत नाही. लेआ झालेल्या कॅरी फिशर डिसेंबर २०१६ मध्ये गेल्या आणि तुमच्याकडे त्यांचं उरलेलं चित्रीकरणच होतं. त्यातून तुम्ही जे विणलंत ते मायेनं विणलंय, हे दिसतं. एका अनुभवी बाईकडून एक तरुण मुलगी शिकते आहे, असं त्या सगळ्या कथांमध्ये फार कमी वेळा आलं असेल. ते पूर्ण झालं असतं तर किती बरं झालं असतं, एवढंच.

तिसरी तक्रार. हे पत्र खरं तर याच एका तक्रारीसाठी आहे.

२०१७ साली ‘द लास्ट जेडाय’मध्ये तुम्ही सांगितलंत की रेचे आईबाप कुणी नव्हते. भंगारवाले होते, दारूच्या पैशासाठी पोरीला विकून गेले. कायलो हे तिला दुखावायला सांगतो, आणि ती रडत कबूल करते की तिला ते आतून माहीत होतंच. मी थिएटरातून बाहेर आले तेव्हा मला फार हलकं वाटत होतं. दुखाची गोष्ट होती, तरी हलकं. कारण त्याचा अर्थ असा होता की जे काही तिला येतं ते तिचं आहे. त्याच चित्रपटाच्या शेवटी तबेल्यातला एक पोरगा हात पुढं करतो आणि झाडू आपसूक त्याच्या हातात येतो. कुणीच नसलेल्यांचा तो दुसरा होता.

दोन वर्षांनी तुम्ही सांगितलंत की ती दुष्ट सम्राट पाल्पाटिनची नात आहे. तिची ताकद तिची नाही, त्याची आहे.

आमच्याकडे माणूस भेटला की पहिल्या दोन मिनिटांत आडनाव विचारतात. पूर्ण नाव सांग, म्हणतात. आडनाव कळलं की पुढचं सगळं कळल्यासारखं करतात: हिला काय येणार, हिला काय येणार नाही, हिच्या हातचं पाणी घ्यायचं की नाही इथपर्यंत. मी दुकान टाकलं तेव्हा एक गिऱ्हाईक मोटर बघायच्या आधी मला विचारून गेला, तुम्ही कुणाच्यातल्या? आणि हुशारी दिसलीच, तर तिचा हिशेब लावायला घराणं शोधतात. असणारच, अमक्याची नात आहे ना. नात नसेल तर कुठून तरी काढतात. दूरच्या त्या आकाशगंगेत तरी हा प्रश्न नाही असं दोन वर्षं वाटलं होतं. तुमच्या चित्रपटाच्या शेवटच्या प्रसंगात, टाटुइन ग्रहाच्या वाळूत, एक म्हातारी तिला नाव विचारते. ती म्हणते, रे. म्हातारी विचारते, रे कोण? मी मनात म्हणत होते, नुसतं रे म्हण. पोरी, नुसतं रे म्हण. ती थांबते, आणि स्कायवॉकर म्हणते. एका घराण्याचं ओझं उतरवून दुसऱ्याचं नाव लावलं. मायेनं लावलं, मला ते कळतं. ल्यूक आणि लेआ या भावंडांनी तिला जवळ केलं होतं. तरी सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचंच चढलं. जाकूवरची ती सगळी वर्षं, ते लटकणं, ते घासणं, ते चतकोरावर जगणं, त्याचा मालक कोण?

आणि हे आधीपासून ठरलेलं असतं तरी एक वेळ मान्य केलं असतं. सप्टेंबर २०१७ मध्ये तिसऱ्या चित्रपटाचे दिग्दर्शक बदलले, कॉलिन ट्रेव्होरो गेले आणि जे. जे. अब्राम्स परत आले. २०२० साली डेझी रिडलीनंच टीव्हीवर सांगितलं की रेच्या घराण्याचं उत्तर बदलत राहिलं. आधी ओबी-वानशी नातं जोडायचा विचार होता, मग कुणीच नाही असं झालं, मग पाल्पाटिन, आणि चित्रीकरण चालू असतानाही ते हलत होतं. त्या अभिनेत्रीला आपण कोण ते ठाऊक नव्हतं, आणि तरी तिनं ते पात्र उभं केलं. ज्या ‘स्टार वॉर्स’साठी तुमच्या मालक कंपनीनं, डिस्नीनं, २०१२ साली ४०० कोटी डॉलरहून जास्त मोजले, त्याच्या मुख्य पात्राचा बाप कोण हे ठरवायला कुणी बसलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आम्ही साधी मोटर भरायला घेतली तरी आधी जुने टर्न मोजून वहीत लिहितो.

चौथी तक्रार तुमच्यापाशी करते, पण ती दुसऱ्या कुणाबद्दलही आहे. रेला ‘मेरी सू’, म्हणजे सगळं आयतं येणारी पोरगी, म्हणणारे २०१५ पासूनच निघाले. हा शब्द १९७३ सालचा, पॉला स्मिथनं ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांच्या हौशी कथांची गंमत करायला एक छोटी कथा लिहिली होती, तिच्यातल्या पोरीचं ते नाव. नऊ वर्षांचा अनाकिन १९९९ च्या चित्रपटात शर्यत जिंकतो आणि शत्रूचं अख्खं जहाज आतून उडवतो, तेव्हा हा शब्द इतक्या जोरात कुणी काढला नव्हता. मुलगी आली की पुरावा मागतात. हे मला दुकानात रोज दिसतं, वेगळं सांगायला नको. पुढं ‘द लास्ट जेडाय’मधल्या केली मरी ट्रॅन या अभिनेत्रीला लोकांनी इतकं छळलं की २०१८ मध्ये तिनं इन्स्टाग्रामवरचं सगळं काढून टाकलं. त्या लोकांशी माझं काही नातं नाही, आणि माझा प्रश्न त्यांच्या गोणीत भरू नका. भंगारात पहिलं काम वर्गवारीचं असतं. मुलगी आहे म्हणून चिडणारा वेगळा, आणि मुलगी आहे म्हणून तिला नीट लिहा असं सांगणारी वेगळी. तुम्हाला तो फरक करता यायला हवा होता. तुम्ही केलंत काय, तर २०१९ मध्ये त्याच ट्रॅनचं पात्र जवळजवळ दिसेनासं झालं, रेला आजोबा मिळाले, आणि झाडूवाला पोरगा परत आलाच नाही. छळणाऱ्यांना हवं ते मिळालं. आम्ही मागितलेलं नाही मिळालं.

अशीच एक जुनी गोष्ट. २०१५ साली चित्रपटासोबत मोनोपोलीचा ‘स्टार वॉर्स’ पट आला, त्यात रेची सोंगटीच नव्हती. आठ वर्षांच्या एका अमेरिकन मुलीनं कंपनीला पत्र लिहून विचारलं, ती कुठं आहे. त्यानंतर तिची सोंगटी आली. पत्रांनी काही होतं, एवढं मी त्यातून घेतलं.

तुम्हाला हे जमत नाही असं नाही. ‘क्लोन वॉर्स’ या तुमच्या कार्टून मालिकेतली अहसोका २००८ साली आली तेव्हा आगाऊ पोरगी होती. रायलॉथ ग्रहाच्या लढाईत तिनं हुकूम मोडला आणि तिच्या तुकडीतले बहुतेक वैमानिक गेले. ते परत आले नाहीत. पुढं पाच-सहा वर्षं आम्ही तिला शिकताना पाहिलं. आज तिला काही येतं म्हटलं तर कुणी पुरावा मागत नाही.

एप्रिल २०२३ मध्ये लंडनला तुम्ही जाहीर केलंत की शर्मीन ओबैद-चिनॉय रेवर चित्रपट करतील. पंधरा वर्षं पुढची गोष्ट, रे नव्या जेडायांना शिकवणार. त्यानंतर लेखक आले आणि गेले, एवढं बातम्यांतून कळत राहिलं. जो कुणी शेवटी लिहायला बसेल त्याच्यासमोर माझ्या मागण्या ठेवाव्यात.

आजोबांना परत आणू नका. त्यांचं नाव काढू नका, त्यांची वीज काढू नका, त्यांच्या रक्ताचा आणखी कुणी शोधू नका. रेला जे येतं त्याचा उगम दाखवायचाच असेल तर जाकू दाखवा.

शिष्य कुणाचे कोण नसू देत. तबेल्यातला तो पोरगा आता मोठा झाला असेल. त्याला बोलवा.

शिकणं चित्रपटात दाखवा, सोबतच्या पुस्तकात आणि मालिकेत नको. एकच विद्या घ्या, पण ती न येण्यापासून येण्यापर्यंत पूर्ण दाखवा. दहा नव्या शक्तींपेक्षा ते आम्हाला जास्त आवडेल.

रेला सुरुवातीला शिकवता येऊ नये. हे मी अनुभवानं सांगते. ज्याच्या हाताला एकट्यानं शिकायची सवय आहे त्याला दुसऱ्याला सांगता येत नाही. मी पहिल्या वर्षी त्या मुलींच्या हातातून काम ओढून घ्यायचे, असं कर, बघ, असं, म्हणायचे आणि स्वतःच करून टाकायचे. त्या काही शिकल्या नाहीत. हात मागं बांधून उभं राहायला मला फार वेळ लागला. रेला तर जवळजवळ सगळं घाईत आलंय. ते घाईत आलं होतं हे तिला शिष्यांसमोर उभं राहिल्यावर कळू द्या. तुमच्या तिन्ही चित्रपटांत जी पायरी राहिली ती या एका गोष्टीनं भरून निघू शकते, आणि आधीचं काही पुसावंही लागणार नाही.

तिच्या हातून एक चूक होऊ द्या, जी शेवटपर्यंत चूकच राहील.

आणि तिच्या हातात पान्हा द्या. फाल्कनमधून उतरल्यापासून तिला कुणी काही दुरुस्त करताना नीट दाखवलेलं नाही. तुटलेलं लाइटसेबर, ती प्रकाशाची तलवार, तिनं जोडलं, तेही आमच्या नजरेआड. जाकूवरची मुलगी तुटलेली वस्तू जोडताना दाखवायची नाही, हे मला अजून उलगडलेलं नाही.

चित्रपट आला की मी पहिल्या आठवड्यात जाईन, दुकान अर्धा दिवस बंद ठेवून, त्या दोघींना घेऊन. त्यांना मी पहिला चित्रपट दुकानातच मोबाइलवर दाखवलाय, दुपारच्या डब्याच्या वेळी, तीन दिवस थोडा थोडा. प्लटच्या खिडकीपाशी धाकटी म्हणाली, मापात मारतोय. परवा दुसरा संपला, आणि तो झाडूवाला पोरगा त्यांनी पुन्हा मागं घेऊन पाहिला. आता तिसरा कधी, म्हणून रोज विचारतात. आजोबांचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आपली,
मोटर रिवाइंडिंग करणारी एक प्रेक्षक
कोल्हापूर